वहिनीच्या आठवड्याची यादी

माझी नोकरी उंदरांना त्रास द्यायची आहे. कोणी विचारलं की मी हे असंच सांगते, कारण समोरच्याचा चेहरा कसा होतो ते पाहायला मला आवडतं. एकदा बसमध्ये शेजारच्या बाई माझ्यापासून इतक्या सरकल्या की अर्ध्या सीटबाहेर गेल्या. मी तोंडाने फटकळ आहे, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे कोणाला धक्का बसायला नको.

वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात, प्रयोगांसाठी उंदीर पाळतात त्या विभागात मी तंत्रज्ञ आहे. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. त्यांचा भुसा बदलायचा, वजनं घ्यायची, आणि मॅडमच्या प्रयोगात लिहिलं असेल तसा त्यांना ताण द्यायचा. मॅडम म्हणजे आमच्याकडे मेंदूवर काम करणाऱ्या डॉक्टर. ताण म्हणजे मारझोड नव्हे बरं का. कॉलेजची एक समिती असते, तिने मान्य केलं त्यापलीकडे साधा चिमटासुद्धा काढता येत नाही. एखाद्या दिवशी पिंजरा थोडा तिरका ठेवायचा. एखाद्या दिवशी खालचा भुसा ओला करायचा. कधी रात्रभर दिवा चालू ठेवायचा, कधी अनोळखी उंदीर शेजारी आणून सोडायचा. बस, एवढंच. यातली एकही गोष्ट अशी नाही, की ऐकणारा म्हणेल, अरेरे, फार सोसलं हो त्या उंदराने!

कोणत्या दिवशी काय करायचं, ते मी चिठ्ठ्या काढून ठरवते. भिशीत काढतो तशाच. नवी होते तेव्हा मी यात शहाणपणा केला होता. रोज कोण चिठ्ठ्यांची कटकट करत बसेल, म्हणून सोमवारी ओला भुसा, मंगळवारी तिरका पिंजरा असं छान टाइमटेबल आखून भिंतीला चिकटवून टाकलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! मॅडमनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ठरलेल्या त्रासाला उंदीर सरावतो. मंगळवारी पिंजरा तिरका होणार हे कळलं, की तो मंगळवारी कोपरा धरून मस्त झोपतो. त्रास मोठा नसला तरी चालेल. तो कधी येणार ते कळता कामा नये." तेव्हापासून चिठ्ठ्या.

असे काही आठवडे गेले की परीक्षा. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, एकीत साखरेचं. सकाळी दोन्हींची वजनं करायची. बाटल्यांच्या जागाही बदलायच्या, नाहीतर उंदीर सवयीने एकाच बाजूचं पितो. आरामात राहिलेला उंदीर साखरेच्या बाटलीला नुसता चिकटतो. ताणातून गेलेल्या बऱ्याच उंदरांना मात्र फरकच पडत नाही. गोड काय नि साधं काय, जे तोंडासमोर येईल ते थोडं पितात आणि भुशात जाऊन बसतात.

असं का होतं, ते मॅडमनी मला एकदा चहा पिताना कागदावर मेंदू काढून सांगितलं. मेंदूच्या मध्यातून, अगदी खोलातून एक वाट निघते आणि पुढच्या बाजूच्या एका छोट्या केंद्राशी जाते. त्या वाटेवर डोपामिन नावाचं रसायन सुटतं. लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात, पण मॅडमच्या मते ते अर्धवट ज्ञान. गोड जिभेवर पडल्यावर जी मजा येते तिच्यापेक्षा, गोडाकडे उठून जायचा जो हुरूप असतो, तो डोपामिनचा. सेरोटोनिन नावाचं दुसरं एक रसायन मनाचा तोल सांभाळायला हातभार लावतं. आणि ताण रोजचा झाला, की ताणाची रसायनं रक्तात उतरत राहतात, भीतीची केंद्रं जागीच राहतात, आणि हुरूपाच्या त्या वाटेवरची रहदारी मंदावते. मी शेतकऱ्याची पोर. मी म्हटलं, "म्हणजे विहिरीत पाणी आहे, पण पाट बुजला म्हणून वाफ्याले पोचत नाई." मॅडम म्हणाल्या, खरं तर याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, पण चालेल. त्या दिवशी मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजायला लागले.

आता वहिनी. माझं माहेर पवनारजवळ, धाम नदीच्या अंगाला. दादाचं भाजीचं रान आहे. वांगी, पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसायची ती वहिनी. वयाने माझ्याहून वर्षभराने लहान, पण नात्याने मोठी. म्हणून मी तिला वहिनी म्हणते, ती मला ताई. आणि काय तोंड होतं त्या बाईला! एकदा एक गिऱ्हाईक प्रत्येक वांगं दाबून दाबून पाहत होतं. वहिनी म्हणाली, "भाऊ, वांगं आहे थे. त्याची नाडी नोका पाहू." सगळा बाजार हसला आणि त्या माणसाने लाजून दोन किलो वांगी घेतली.

ती वहिनी दोन वर्षांपूर्वी विझत गेली. एका दिवसात नाही. आधी बाजारात बोलायची कमी झाली. मग बाजारात जायचीच बंद झाली. पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत नुसती पडून राहायची. केसांना तेल नाही, भाजीत मीठ पडलं की नाही याची शुद्ध नाही. दादा हैराण. मला म्हणायचा, "हिले काऊन असं झालं, समजूनच नाई राह्यलं. मी मारत नाई, पीत नाई, घरात खायले-प्यायले आहे." मारत नाही आणि पीत नाही, ही जणू दोन सुवर्णपदकं! पण दादाला कशाला हसू? मी काय वेगळी होते? एका रविवारी मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, "वहिनी, सुख टोचून राह्यलं का तुमाले?" तिने उठून माझ्यासाठी चहा ठेवला. हे आज लिहितानाही मला माझ्या जिभेची लाज वाटते.

रविवारी मी माहेरी जातेच. मी राहते सिंदी मेघेला, तिथून पवनार म्हणजे बसने थोड्याच वेळाचं. मनात आलं की निघायचं. कधी सकाळी सातला दारात, कधी ऐन जेवणाला, कधी दिवेलागणीला. माहेर म्हणजे काय ऑफिस आहे, वेळ पाळायला? गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावायचं, फ्रीज उघडायचा, दोन गोष्टी चांगल्या सांगायच्या, चार सुधारायच्या. दादा म्हणायचा, तू आली की घर जागं होते. मला ते खरं वाटायचं.

तर अशाच एका रविवारी माझ्या डोक्यात वीज चमकली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि मला एकदम पिंजऱ्यातल्या भुशात जाऊन बसणारा उंदीर आठवला. झालं, मी लागले कामाला. वहिनीला वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे गाईच्या तुपातलं गोड बिस्किट, जीव की प्राण. पुढच्या रविवारी मी एका ताटलीत डावीकडे गोरसपाक आणि उजवीकडे साधं मारी बिस्किट ठेवलं आणि तिच्यासमोर सरकवलं. तिने न पाहता हाताजवळचं मारी उचललं, अर्धं खाल्लं, उरलेलं ठेवून दिलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी जागा बदलल्या. उंदरांना नियम तो माणसांना का नको? तिने हाताजवळचा गोरसपाक उचलला, तोही अर्धाच. फरक पडत नव्हता, दोन्ही सारखेच! मी मांडीवर थाप मारली. "वहिनी, तुमाले आळस नाई आला, नजर नाई लागली. तुमाले आजार आहे. मेंदूचा. उद्या दवाखान्यात चला." दादा बिचकला. लोक काय म्हणतील, त्याने सुरू केलं. मी म्हटलं, "लोकांचं मी पाहून घेतो."

यात मी चुकले नव्हते, हे मी आजही छाती ठोकून सांगते. आजारच होता. चुकले ते पुढे.

मानसोपचाराचे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते, शांत आवाजाचे. त्यांनी वहिनीला विचारलं, झोप कशी आहे? मी म्हटलं, पहाटे तीनला उठतात. भूक? मी म्हटलं, अजिबात नाही. काही आवडतं का करायला? मी ताटलीचा प्रयोग सांगितला, बाजू बदलल्याचं सुद्धा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर बसले आणि मनातल्या मनात त्यांचा बाप काढला. पण अर्ध्या तासाने त्यांनी मला आणि दादाला आत बोलावलं तेव्हा माझा सगळा राग जागच्या जागी बसला. जगावंसं वाटत नाही, असं वहिनी आत म्हणाली होती. आम्हाला सांगितलेलं चालेल का, हे तिला विचारूनच डॉक्टर बोलत होते. तिला सध्या एकटं ठेवू नका, म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच सोडायच्या नाहीत. आणि वहिनीला एक काम दिलं. पुढच्या वेळी येण्याआधीचा एक आठवडा, दिवसात जेव्हा जेव्हा छातीत धस्स होईल, तेव्हा ते कशाने झालं तेवढं लिहून ठेवायचं.

दादा गाडीपाशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याला म्हटलं, रडू नको, मी आहे ना.

आणि मी होतेच हो! मी त्या बाईला मरू देणार नव्हते. कधी सकाळी फोन: वहिनी, गोळी घेतली का? कधी दुपारी फोन: जेवल्या का? मग केव्हाही, उंदरांची वजनं घेता घेता आठवण आली की फोन: फिरून आल्या का? एखाद्या दिवशी कामाच्या गडबडीत फोन राहूनही जायचा. एकदा तर मी विचारलं, आज हसल्या का? कधी प्रेमाने विचारायचे, कधी कावून, कारण ती उशिरा फोन उचलायची आणि तेवढ्यात मला काहीतरी अघटित झालंसं वाटायचं. रविवारी तर स्वारी हजर. काही आठवडे गेले. झोप थोडी सुधारली. पण वहिनी माझ्यासमोर आली की पुन्हा तशीच, भिंतीला टेकलेली. मला वाटायचं, गोळीचा डोस कमी पडतोय. डॉक्टरांना तसं ठणकावून सांगायचंही मी ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्यांदा दवाखान्यात जायचा दिवस आला. मी सकाळीच माहेरी पोचले. वहिनी आत लुगडं नेसत होती आणि तिची पिशवी ओट्यावर होती. पिशवीतून कॅलेंडरच्या जुन्या पानाची घडी डोकावत होती. यादी नीट लिहिली की नाही, हे पाहायला मी ती काढली. दुसऱ्याचं लिहिलेलं न विचारता वाचू नये, एवढी अक्कल मला होती. पण प्रयोगाच्या नोंदी तपासायची माझी रोजची सवय, आणि वहिनीला मी तोवर प्रयोगच करून टाकलं होतं.

वहिनीचं अक्षर बारीक, नेटकं. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने वार लिहिले होते.

"सोमवार. मोटरीची लाइन रात्री येनार का दिवसा, ठाऊक नाही. ताईचा फोन."

"मंगळवार. वांदरं आले वांग्यात. ताईचा फोन. ताईचा फोन."

"बुधवार. फोन नाही आला. का नाही आला?"

"गुरुवार. फोन उचलाले उशीर झाला. ताई रागावल्या."

"शुक्रवार. ताईचा फोन. आज हसल्या का विचारलं. हो म्हनलं."

"शनिवार. उद्या रविवार."

"रविवार. ताई येनार. कधी?"

त्या 'कधी' खाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? राग! चांगुलपणाचं हे फळ, असं वाटलं. हिच्यासाठी मी जिवाचं रान केलं आणि हिने मला वांदरांच्या रांगेत बसवलं! मी पान परत वाचलं, भांडणाचे मुद्दे काढायला म्हणून. आणि दुसऱ्या वाचनात, त्या बुधवारपाशी मी अडले. फोन आला तरी धस्स आणि नाही आला तरी धस्स. ती चिठ्ठी मला ओळखीची होती. अशा चिठ्ठ्या मी दर आठवड्याला काढत होते. वार ठरलेला, वेळ ठरलेली नाही. आवाज गोड लागेल का कडू, ते ठरलेलं नाही. उंदरांचं तरी बरं, त्यांच्यासाठी एक समिती होती.

वहिनी बाहेर आली. माझ्या हातात पान पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "ताई, तसं नाई," ती घाईघाईने म्हणाली, "डॉक्टरनं लिवा म्हनलं म्हनून..." ती मला घाबरत होती. यादीपेक्षा ते पाहणं जास्त लागलं. इतकी वर्षं ती भीती माझ्यासमोर बसून चहा करत होती आणि मी तिला मान समजत होते.

मी घडी करून पान तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं. न विचारता वाचलं तेही, अन् त्याच्यात लिहिलं आहे तेही." मग विचारलं, "रविवारी कितीले येऊ ते तुमीच सांगा. नोका येऊ म्हटलं तरी चालते."

वर्धा येईपर्यंत बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरायच्या जरा आधी म्हणाली, "चारले या. चारले माजं सगळं आटपलेलं असते." आणि मग माझ्याकडे न पाहता, "फोन मीच करीन."

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मी बाहेर बसले. डोसबद्दल ठणकावणं राहूनच गेलं.

फोन न करणं म्हणजे काय असतं, हे ज्याला हात आवरत नाही त्यालाच विचारा. पहिले अकरा दिवस वहिनीचा फोन आला नाही. मी दादाला फोन करायचे, ती बरी आहे ना, एकटी नाही ना, एवढं विचारून ठेवायचे. रविवारी मी लवकर पोचले तर स्टॉपवरच बसून राहायचे, चार वाजेपर्यंत. ओळखीचे लोक विचारायचे, काऊन इथं बसल्या? मी म्हणायचे, हवा खाऊन राह्यलो. दादालाही मी कामाला लावलं. रानातल्या मोटरीची लाइन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची असते. त्याचं वेळापत्रक आणून त्याने दाराजवळ लावलं आणि मोटर तो स्वतः पाहायला लागला. बाराव्या दिवशी वहिनीचा फोन आला. "पालक निघून राह्यला, पाठवू का?" एवढंच बोलली. मी हो म्हटलं आणि तिच्याआधी फोन ठेवला. हे माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

मी सुधारले म्हणून वहिनी बरी झाली, असं मी अजिबात म्हणणार नाही. ते पुन्हा माझाच टेंभा मिरवणं झालं. गोळ्यांनी काम केलं, डॉक्टरांनी केलं, दादाने केलं, आणि जे सगळ्यात अवघड ते वहिनीने केलं, रोज उठून. मी फक्त एक चिठ्ठी डब्यातून काढून टाकली. माणूस म्हणजे काय पिंजऱ्यातला उंदीर नव्हे, असं मॅडमसुद्धा सांगतात. पण हुरूपाची ती बुजलेली वाट पुन्हा मोकळी होऊ शकते, हेही त्याच सांगतात, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कसं पाहिलं, तेवढं सांगते.

वहिनीच्या आजाराला वर्ष होत आलं होतं. रविवार होता. मी बरोब्बर चारच्या ठोक्याला दारात, आणि दाराला कुलूप! दादा रानात होता, त्यालाही ठाऊक नव्हतं. वहिनीचा फोन घरातच वाजत होता. नको नको ते विचार आले आणि मी नदीच्या दिशेने धावतच निघणार होते. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने सांगितलं, बाया-बाया मिळून गेल्या आहेत पवनारच्या चौकात, हसत-खिदळत गेल्या. जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडताच मला आला राग. चार म्हणजे चार ठरलं होतं! दीड तास मी ओट्यावर बसून चरफडले.

साडेपाचला वहिनी आली. सोबत चार जणी, सगळ्यांची तोंडं चालू, आणि सगळ्यांत वहिनीचा आवाज वर. मला पाहून ती थबकली. "मायबाई! ताई, तुमी आल्या होत्या? मले भजे खावेसे वाटले, त गेलो आमी. मी त तुमाले साफ भुलली!"

मी तिच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती शोधली. नीट, बारकाईने शोधली, माझं कामच ते आहे. नव्हती. दोन रेघा ओढून जिची वाट पाहिली जायची त्या ताईला ती खुशाल विसरली होती, भज्यांपायी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या बायांना वाटलं असेल, मी रुसले. माहेरी आपली कोणी वाट पाहत नाही, याचा इतका आनंद झालेली लेक अख्ख्या वर्धा जिल्ह्यात मीच असेन.